लाल वर, पांढरा खाली

डोनाटस अण्णाच्या होडीवर रात्री दिवा नसायचा. ही गोष्ट तो लपवत नसे, उलट मोठ्या ऐटीत सांगायचा.

“मासा काय दिवा बघून गळ गिळतो?” तो म्हणायचा. “दिवा माणसांसाठी असतो. आणि मला दर्यात माणसं नकोत.”

खरं कारण आमच्या अख्ख्या गावाला, नेडुंतुऱ्याला, ठाऊक होतं. त्याच्याकडे एक खडप होतं, समुद्रातला खडक. किनाऱ्यापासून इंजिनावर दोन-अडीच तास, पाण्याखाली बुडालेलं. त्याच्या कपारींत मांडीएवढाले हेकरू मासे बसलेले असत. हे खडप त्याच्या बापाने शिडाच्या काळात शोधलं होतं. मरायला टेकला तेव्हा त्याने सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, फादरनासुद्धा, आणि एकट्या डोनाटसला जवळ घेऊन सांगितलं, की अगस्त्यकूटाचं शिखर कुठल्या टेकडीच्या खांद्यावर आलं की थांबायचं, आणि दक्षिणेकडची खिंड कितपत उघडी दिसली पाहिजे. फादर आत गेले तेव्हा म्हातारा संपला होता. शेवटचा कबुलीजबाब राहिला, पण खडप सांगायचं राहिलं नाही.

मी त्याच किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. मला सगळे सिल्वा म्हणतात, पूर्ण नाव सिल्वदासन. माझी शेड चर्चच्या खाली, वाळू संपते तिथे. त्यामुळे कोण कधी निघालं, कोण काय घेऊन आलं, हे मला न विचारता कळतं. डोनाटस अण्णा दुपारी निघायचा, डोंगर दिसतायत तोवर जागा धरायची म्हणून. बरोबर त्याच्या बायकोचा, फ्लोरी अक्काचा, धाकटा भाऊ मरियदासन. संध्याकाळी नांगर टाकायचा, शंभर गळांची दोरी खाली सोडायची, आणि मग काळोखात बसायचं. विडी ओढायची तरी ओंजळीत. मरियदासन एकदा खोकला तर अण्णाने त्याला फटका मारला होता म्हणे.

त्याच्या मागावर माणसं जायची. वेनान्स नावाचा एक होता, अण्णाच्याच वयाचा, शाळेत एका बाकावर बसलेला आणि तेव्हापासून वैरी. त्याने एकदा दोन होड्या घेऊन पाठलाग केला. अण्णाने त्यांना काळोखात अर्धी रात्र फिरवलं. वेनान्सने नांगर टाकला आणि उजाडल्यावर बघतो तर समोर आमच्याच चर्चचा मनोरा. वर्षभर त्याला लोक विचारत होते, “वेनान्स, चर्चखाली हेकरू किती गावले?”

मग हातात धरायची ती यंत्रं आली, आकाशातून जागा सांगणारी. आता एखाद्याच्या होडीजवळून एकदा जरी गेलं, बटण दाबलं, की ती जागा कायमची आपली. अण्णाचा काळोख तेव्हापासून आणखी घट्ट झाला.

तो ऑक्टोबर होता, अमावास्येच्या आसपासचा. सकाळी दहा-अकराला कोळचलची एक होडी अण्णाची उलटी झालेली होडी ओढत आमच्या किनाऱ्याला घेऊन आली. कोळचलच्या होडीच्या मागच्या फळीवर अण्णा आणि मरियदासन बसलेले. दोघे जिवंत. फ्लोरी अक्का कमरेएवढ्या पाण्यात शिरली, भावाचं तोंड चाचपून बघितलं, नवऱ्याचं बघितलं, आणि दोघांना एकेक थोबाडीत दिली. मग रडायला लागली.

इंजिन माझ्याकडे आलं. आतून खारं पाणी काढायचं होतं, ते त्याच दिवशी काढलं नाही तर गंजून जातं. मी ते उघडून बसलो आणि अण्णा समोरच्या पिंपावर येऊन बसला. घरी थांबवेना त्याला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. मग म्हणाला, “सिल्वा, दोन होड्या होत्या.”

“कुठे?”

“माझ्या खडपाकडे येत होत्या. एकीवर हिरवा दिवा, एकीवर लाल. मला वाटलं, वेनान्सच. मी मरियाला म्हटलं, हलू नकोस. श्वाससुद्धा घेऊ नकोस. आपल्या दोन बाजूंनी निघून जातील, कळणारही नाही त्यांना.”

मी पाना खाली ठेवला.

“मरिया म्हणाला, भावोजी, इंजिनाचा आवाज येत नाही. मी म्हटलं, वारा उलटा असेल. मग त्या दोन होड्या एकमेकींपासून लांब जायला लागल्या. हिरवी डावीकडे सरकली, लाल उजवीकडे. मी मनात म्हटलं, वा! चुकले, पांगले. हसलो मी, सिल्वा. अंधारात बसून हसत होतो.”

“आणि?”

“आणि मधले तारे विझले.”

हे वाक्य बोलताना त्याने मान वर केली, माझ्या शेडच्या पत्र्याकडे, जणू तिथून ते अजून खाली येत होतं.

“आधी खालचे विझले. मग वरचे. मग डोक्यावरचे. काळोखात काळोख उभा राहिला. मरिया ओरडला. तोवर पाणीच वर उचललं गेलं, होडीसकट. त्या पाण्यानेच आम्हाला बाजूला ढकललं, नाहीतर संपलो होतो. होडी कलंडली, मी बाहेर फेकला गेलो, आणि माझ्या बाजूने ते जायला लागलं. जात होतं, जात होतं. मी हात पुढे केला. का केला माहीत नाही. लागला हात.”

त्याने फडकं सोडलं. तळव्याची कातडी मनगटापासून बोटांपर्यंत सोलली होती. जहाजाच्या पोटाला चिकटलेल्या शिंपल्यांनी ती किसणीवर किसावी तशी काढली होती.

“जहाजाला हात लावलाय मी. ते संपेचना. मी एक अख्खी प्रार्थना म्हटली, तरी ते जातच होतं. वरून कुणीतरी बोललं असेल, कुणी जेवत असेल, मला काही ऐकू आलं नाही. फक्त एक घरघर, पाण्यातून, छातीत. मग मागचं पाणी आलं, आम्हाला खाली ओढलं, वर फेकलं. आणि सगळं शांत. दूर एक पांढरा दिवा जात होता. त्यांना कळलंसुद्धा नाही.”

“राग आला असेल.”

“राग?” त्याने फडकं पुन्हा गुंडाळायला घेतलं. “राग माणसाचा येतो, सिल्वा. डोंगर चालत गेला बाजूने. त्याचा काय राग यायचा?”

शेडच्या मागल्या बाजूने त्याच वेळी कुणीतरी म्हणालं, “त्या दोन होड्या नव्हत्या, येड्या.”

लियोन्स होता तो. साठीचा, ढेरपोट्या, दोन्ही गुडघे गेलेला. बावीस वर्षं जहाजांवर खलाशी होता. रात्रीची टेहळणी करायची, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर उभं राहून पुढचा काळोख बघायचा, हे त्याचं काम. परत आल्यापासून माझ्या शेडमागच्या उलट्या होडीवर बसून असे. फार बोलत नसे. जहाजावरच्या गोष्टी सांगा म्हटलं की “होतं पाणीच पाणी” एवढंच सांगायचा.

तो लंगडत आत आला. “एकच जहाज होतं ते. हिरवा त्याच्या उजव्या खांद्यावर, लाल डाव्या. वरचे दोन पांढरे तुला तारे वाटले असतील. दोन्ही एकदम दिसले याचा अर्थ एकच. ते सरळ तुझ्या छातीवर येत होतं.”

अण्णा त्याच्याकडे बघतच राहिला. “पण लांब जात होते एकमेकांपासून.”

“जवळ येत होतं ते. जवळ आलेल्या माणसाचे खांदे रुंद दिसतात की नाही?”

अण्णाला ते पटेना. मग लियोन्सने जे केलं ते नेडुंतुऱ्यात अजून सांगतात. माझ्याकडचं लाल फडकं त्याने डाव्या दंडाला बांधलं. उजव्या दंडाला केळीच्या पानाचा तुकडा. अण्णाला भर दुपारी वाळूत उभं केलं आणि स्वतः शंभर पावलं लांब गेला. “हे पोट म्हणजे जहाज!” तो तिथून ओरडला. जाळी शिवणारी माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली.

“म्हातारा लग्नाला निघाला!” वेनान्सने हाळी दिली. “फ्लोरी अक्का, नवरदेव आला बघ!”

लियोन्सने लक्ष दिलं नाही. तो अण्णाच्या रोखाने चालत येऊ लागला. “काय दिसतंय?”

“दोन्ही दिसतंय. लाल, हिरवं.”

तो स्वतःच्या उजवीकडे वळला. “आता?”

“लाल.”

“हिरवं कुठं गेलं?”

“तुझ्या पोटामागे.”

लोक खो खो हसले. लियोन्स मागे गेला, पुन्हा सरळ आला, या वेळी डावीकडे वळला. आता नुसतं पान दिसत होतं. मग पाठ फिरवून दूर निघून गेला. लाल नाही, हिरवं नाही, फक्त पाठीवरचा मळका पांढरा सदरा. असं चार-पाच वेळा. चौथ्या वेळेला अण्णा हसत नव्हता. त्याचे ओठ हलत होते. शेवटच्या खेपेला लियोन्स सरळ त्याच्या अंगावर आला, लाल आणि हिरवं दोन्ही मिरवत, थांबलाच नाही, आणि ढेरीचा धक्का देऊन त्याला वाळूत पाडलं.

कुणी हसलं नाही तेव्हा. अण्णा पडल्या जागेवरून म्हणाला, “एवढं सगळं ते बोलत असतं? रात्रभर? आणि मी पन्नास वर्षं बघत होतो.”

“आता मला विचार, तू मला वरून कसा दिसायचास.”

“कसा?”

“नाही दिसायचास.” लियोन्स त्याच्याशेजारी वाळूत बसला. गुडघ्यांमुळे त्याला ते सोपं नव्हतं. “लाकडाची, फायबरची होडी. पाण्यावर हातभर वर. रडारवर लाटेत आणि तुझ्यात फरक नाही. याच किनाऱ्यावरून मी किती वेळा गेलो, डोनाटस. नकाशावर आपलं गाव बघायचो आणि डोळे फाडून काळोखात बघायचो. काही नाही. एकदा पूर्वेच्या एका बंदरात सकाळी नांगर टाकायला गेलो, तर नांगराला जाळं अडकलेलं. नवं जाळं होतं. बुचं रंगवलेली, निळी. आम्हाला रात्री कुठे धक्कासुद्धा लागला नव्हता. मीच होतो टेहळणीला.”

तो जहाजावरच्या गोष्टी का सांगत नसे, ते मला त्या दुपारी समजलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेडमध्ये दिव्याचं काम सुरू झालं. लियोन्स सांगायचा, मी करायचो, अण्णा डाव्या हाताने पकड धरायचा.

“तुझी होडी लहान आणि हळू,” लियोन्स म्हणाला, “चारी बाजूंनी दिसेल असा एक पांढरा लावलास तरी नियमाला चालतं. नुसतं वल्हवत असशील तर हाताशी बॅटरी ठेवून वेळेवर दाखवलीस तरी पुरे. पण एकट्या पांढऱ्याचा अर्थ एवढाच, की इथं कुणीतरी आहे. तू गळ टाकून बसलेला असतोस ना? मग लाल वर, पांढरा खाली. म्हणजे काय, माहितीये? ‘मी मासे धरतोय, मला चटकन हलता येत नाही, तू बाजूने जा.’”

“एवढं मोठं वाक्य? दोन दिव्यांत?”

“आणि ते सगळ्या देशांच्या जहाजांना वाचता येतं.”

शाळेत जाऊनही अण्णाला कसंबसं स्वतःचं नाव लिहिता येत होतं. तो त्या दोन बल्बांकडे बराच वेळ बघत राहिला.

लाल काच कुठून आणायची? रिक्षाच्या मागच्या दिव्याच्या दोन काचा पाठीला पाठ लावून बसवल्या, म्हणजे चारी बाजूंनी लाल. पांढऱ्यासाठी लोणच्याची बरणी. दोन्ही दिवे एका बांबूवर, मीटरभर अंतर ठेवून. कारण जवळ लावले तर लांबून एकात एक मिसळतात. बांबू माणसाच्या डोक्याच्या वर गेला पाहिजे, नाहीतर आपण उभे राहिलो की आपल्याच अंगाने दिवा झाकला जातो. बरणीखाली पत्र्याची थाळी लावली, उजेड होडीत पडून आपलेच डोळे दिपू नयेत म्हणून. मोटारसायकलची बॅटरी प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकणाला मेण. तरी पंधरा दिवसांत तारा हिरव्या पडायच्या. खाऱ्या हवेला कुठून वाट मिळते देव जाणे.

पण तारांपेक्षा अवघड गाठ वेगळी होती. दिवा लावला की खडप गेलं.

तीन दिवस अण्णा होडी पाण्यात घालेना. चौथ्या दिवशी फ्लोरी अक्का शेडमध्ये आली. मरियदासनने तोवर सांगून टाकलं होतं, की तो पुन्हा समुद्रात जाणार नाही. तो खरोखरच गेला नाही. त्रिवेंद्रमला एका बेकरीत लागला. अक्का मला म्हणाली, पण ऐकवायचं होतं नवऱ्याला, “सिल्वा, याच्या बापाने याला खडप दिलं आणि स्वतः कबुलीजबाब न देता गेला. आता हा कुणाला बोलावून देणार आहे? मला पोरगा नाही. दोन पोरी, त्यांना नर्सिंगला जायचंय. कुणासाठी राखतोय हा ते दगड?”

“बापाची आठवण आहे ती,” अण्णा पुटपुटला.

“बापाची आठवण भिंतीवर आहे. तिला मी रोज फूल वाहते. तू रात्री कुठे आहेस ते मला दिसू दे.”

“इतक्या लांबून तुला कसं दिसणार?”

“मला नाही दिसलं तरी चालेल. पण कुणाला तरी दिसू दे!”

त्या दुपारी तो बांबू बांधून निघाला. पहिल्या रात्री दोन होड्या त्याच्या दिव्याकडे गेल्या. आठवड्याने सात. वेनान्स तर यंत्र घेऊनच गेला आणि बटण दाबून आला. आल्यावर किनाऱ्यावर ओरडला, “डोनाटस, वाट दाखवल्याबद्दल आभार! जरा आणखी मोठा दिवा लाव, मला म्हातारपणी कमी दिसतं.” अण्णा गळांची दोरी गुंडाळत राहिला. एका मोसमात खडपावरचे मोठे हेकरू निम्म्याहून कमी झाले. तो मला याबद्दल कधी काही बोलला नाही. एकदाच म्हणाला, “सिल्वा, माझा बाप दर रात्री वरून बघत असेल आणि शिव्या देत असेल.” मग थोड्या वेळाने, “पण बघू शकत असेल, एवढं खरं.”

फेब्रुवारीत त्याचा दिवा चालता चालता मिटायला लागला. किनाऱ्यावर नीट चाले, समुद्रात मिटे. मी म्हटलं, मीच येतो एक रात्र, बघू कुठे पाणी शिरतं ते. मी इंजिनाचा माणूस. समुद्र माझ्या शेडसमोर असतो, त्यात फार आत जायची वेळ येत नाही.

खडपावर त्या रात्री अकरा होड्या होत्या. कुणाकडे काहीच नाही, कुणाकडे कंदील होडीच्या तळाशी. वेनान्सने लग्नातली लुकलुकणारी माळ लावली होती, लाल-निळी-हिरवी, सगळी एकदम. लियोन्सने त्याला सांगितलं होतं, की अशी लुकलुक दिसली की आम्ही वर म्हणायचो, कुणाच्या तरी जाळ्याचं तरंगतं निशाण असेल, आणि पुढे जायचो. वेनान्स म्हणाला होता, “मला आवडते.”

माझ्या हातात तार होती. डब्याच्या झाकणापाशीच ती आतून तुटलेली, वरून अखंड दिसणारी. मी ती सोलून पुन्हा जोडली, आणि आमच्या डोक्यावर लाल आणि पांढरा लागला. मी मान वर केली तेव्हा अण्णा म्हणाला, “आलं.”

दक्षिणेकडे, पार क्षितिजावर, दोन पांढरे ठिपके होते. बराच वेळ ते नुसतेच ठिपके होते. मग त्यांच्या खाली डावीकडे हिरवा उगवला. मग उजवीकडे लाल. दोन पांढरे बरोबर एकावर एक, ओळंबा लावल्यासारखे, म्हणजे रोख सरळ आमच्यावर.

मी म्हटलं, “अण्णा, नांगर तोडू.”

“थांब.”

त्याने कोयता नांगराच्या दोरावर टेकवला होता. पण तो कापत नव्हता. इकडेतिकडे कुणी हाका मारल्या. कुणी इंजिनाची दोरी ओढत होतं, ते सुरू होत नव्हतं. वेनान्सचा आवाज आला, “डोनाटस, हे जहाज आहे ना रे? कुठे जातंय?”

“इथं येतंय,” अण्णा म्हणाला. ओरडला नाही. समुद्रावर त्याला ओरडायची गरज नसे.

“मग?”

“मग त्याला आपला दिवा वाचू दे.”

मी आयुष्यात इतका लहान कधी नव्हतो. वर आकाश तांदूळ सांडावेत तसं ताऱ्यांनी भरलेलं, खाली न दिसणारं पाणी, आणि मध्ये रिक्षाच्या काचा आणि लोणच्याची बरणी. समोरून एक अख्खं गाव चालत येत होतं. हिरवा आणि लाल यांच्यातलं अंतर वाढायला लागलं. जवळ आलेल्या माणसाचे खांदे. मी देवाचं नाव घेत होतो की तारेचा जोड दाबून धरत होतो ते मला आठवत नाही. दोन्ही करत असेन.

मग काहीतरी हललं. दोन पांढऱ्यांपैकी खालचा डावीकडे सरकला. अगदी नखाएवढा. मला वाटलं भास झाला.

“अण्णा—”

“बोलू नकोस.”

खालचा पांढरा आणखी सरकला. आणि हिरवा दिवा मिटला.

कुणी हलकेच झाकण लावावं तसा मिटला. समोर नुसता लाल उरला. अण्णाच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. लहान पोर झोपेत हसतं, तसा काहीसा.

“वळलं,” तो म्हणाला. “सिल्वा, वळलं. माझ्यासाठी वळलं.”

आणि तेव्हाच भोंगा झाला. एकच, आखूड. पाण्यावरून तो आमच्यापर्यंत आला आणि होडीची फळी थरथरली. मग जहाज आमच्या डाव्या हाताने जायला लागलं, बऱ्यापैकी लांबून, खिडक्यांच्या रांगाच्या रांगा, डब्यांवर डबे रचलेले, तारे झाकत आणि पुन्हा सोडत. अण्णाने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं होतं आणि तो उभा होता. जहाजाची लाट उशिरा आली, आम्हाला दोन-तीनदा झोपाळ्यासारखं झुलवून गेली. माझी बोटं तारेवरून निघेनात. अण्णाने ती एकेक करून सोडवली.

वेनान्सच्या होडीवरची माळ विझली. त्याने स्वतःच विझवली.

सकाळी लियोन्स उलट्या होडीवर बसला होता. आम्ही सांगायला लागलो, आणि भोंग्यापर्यंत आलो तसा तो ताठ झाला. “किती वेळा?”

“एकदा. आखूड.”

“नक्की एकदा?”

“एकदाच. का?”

“‘मी उजवीकडे वळतोय,’” लियोन्स म्हणाला. “एका आखूड भोंग्याचा अर्थ तेवढाच. तू दिव्याने बोललास ना? त्याने उत्तर दिलं तुला.”

अण्णा वाळूकडे बघत होता. “कुठलं जहाज होतं, नाव नाही वाचता आलं.”

“नको वाचूस. जहाजावर काय घडतं ते तू बघितलं नाहीस, मी बघितलंय.” लियोन्सने बोट वर केलं. “वर एक माणूस उभा असतो. कुठल्या मुलखाचा कोण जाणे. कॉफीचा पेला कठड्यावर. चार तास काळोख बघून डोळ्यांत पाणी आलेलं. त्याला लाल दिसतो, खाली पांढरा. तो म्हणतो, साहेब, पुढे मासेमार आहे. साहेब येऊन बघतो, सुकाणूवरच्याला सांगतो. तीनशे मीटर लोखंड वळायला लागतं. मग साहेब वहीत लिहितो, इतक्या वाजता, इतक्या अक्षांशावर, मासेमारी होडी, वाट सोडली. तुझं नाव त्याला माहीत नाही, डोनाटस. पण त्या वहीत तू आहेस. ती वही ते टाकत नाहीत.”

अण्णाने डोळे पुसले नाहीत, त्याला लाज वाटली नाही. “किती वाजता लिहिलं असेल?” एवढंच त्याने विचारलं. मी घड्याळ बघितलं नव्हतं. मग आम्ही तिघांनी तारे कुठे होते त्यावरून हिशेब केला आणि पावणेदोन धरले.

त्या महिन्यात माझ्याकडे बांबू यायला लागले. सगळ्यांचे नाही. काही जण आजही कंदील तळाशी ठेवतात, काहींना ती माळच आवडते. पण रिक्षावाल्यांकडच्या जुन्या लाल काचा त्या वर्षी पार कळियिक्कावळैपर्यंत मिळेनाशा झाल्या. वेनान्स स्वतः आला नाही, बायकोला पाठवलं, आणि तिने सांगितलं, “ह्यांना म्हणे वरचा जरा मोठा पाहिजे, डोनाटसपेक्षा.” मी मोठा करून दिला.

लियोन्स त्यानंतर दोन वर्षांनी गेला. शेवटच्या दिवसांत तो फार बोलायचा, दिसेल त्याला जहाजावरच्या गोष्टी सांगायचा, त्या निळ्या बुचांची सुद्धा. अण्णाने तीन-चार मोसम आणखी केले आणि मग होडी विकली. पोरी नर्स झाल्या; थोरली आखातात आहे. मागच्या डिसेंबरात तिने त्याला आणि फ्लोरी अक्काला तिकडे नेलं. परत आल्यावर मी विचारलं, विमान कसं वाटलं? आधी जेवण काय दिलं ते त्याने सांगितलं.

“रात्रीचं होतं,” तो म्हणाला. “खिडकीची जागा मिळाली. मधे समुद्र लागला, सगळा काळा. फ्लोरी झोपली होती. मी कपाळ काचेला लावून बसलो. आणि सिल्वा, खाली एक पांढरा होता. एकटा. इतका बारीक, की डोळा मिटून उघडला की पुन्हा शोधावा लागायचा.”

“होडी होती?”

“कुणीतरी होतं,” अण्णा म्हणाला. “मला दिसलं.”